कोयता : हत्यार आणि हिशेब

आमच्या आष्टी तालुक्यात दसरा उलटला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘यंदा त्या मुकादमाकडं किती कोयते हायेत?’ हा प्रश्न लोखंडाबद्दलचा नसतो. ऊसतोडीच्या व्यवहारात एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता होतो. एकटाच माणूस टोळीत आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते, टोळी कोयत्यांवर मोजली जाते. ‘माझे चार कोयते पळाले’ असे मुकादम म्हणतो तेव्हा चार संसार रातोरात कोपी सोडून गेलेले असतात. माझे आईवडील कित्येक हंगाम असा एक कोयता होते. त्या कोयत्याच्या पैशावर मी शिकलो, आणि आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्यामुळे हत्याराचे नाव माणसाला कसे पडले आणि त्यात माणसाचे काय हरवले, हा प्रश्न मला केवळ अभ्यासाचा म्हणून पाहता येत नाही.

आपल्या इतिहासलेखनात शस्त्राला जागा आहे, अवजाराला नाही. तलवारीची मूठ कोणत्या घाटाची, पाते कोणत्या देशाचे, यावर पाने लिहिली गेली. कुदळीवर, रापीवर, कोयत्यावर कोणी लिहिले? पुरातत्त्वज्ञांनी मात्र या बाबतीत बरीच सचोटी दाखवली आहे, कारण जमिनीतून जे निघते ते त्यांना नोंदवावेच लागते. विदर्भात माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील महापाषाणीय दफनांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघाल्या. नायकुंडला तर इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर लोखंडाची विद्या अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. भट्टी सापडली; ती पेटवणारा कोण होता, त्याला ही विद्या कोणी दिली, याचा मात्र मागमूस नाही. पोथ्यांचे कर्ते आपल्याला नावानिशी माहीत असतात. लोखंड गाळणाऱ्याचे नाव कोणी कशाला लिहून ठेवील?

आता आजच्या कोयत्याकडे येतो. आमच्याकडे तो बहुधा घिसाडी घडवतात. घिसाडी भटक्या जमातीत मोडतात. गाडा, भाता, ऐरण आणि लेकरेबाळे घेऊन गावोगाव फिरणारे हे लोक. ऊसतोडीला निघण्यापूर्वी त्यांच्या पालांपुढे गर्दी होते. लोखंड म्हणाल तर जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे. हे पोलाद मुळात ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी बनवलेले असते, म्हणून त्याची धार टिकते. भट्टी नेहमी सावलीत. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग नीट कळत नाही, आणि रंग कळला नाही तर सगळेच फसते. पुरुष एका हातात सांडशी धरून लालबुंद तुकडा ऐरणीवर ठेवतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो, आणि नेमक्या त्याच जागी बाई घण घालते. एक टिचकी, एक घण. तान्हे मूल बाजूच्या झोळीत असते. या जोडीत तोंडाने बोलणे जवळपास नसतेच. हातोडीचा आवाज तेवढा बोलतो.

पाते घडले की खरी कसोटी पुढे असते. तिला ‘पाणी देणे’ म्हणतात. धारेचा भाग तापवून पाण्यात बुचकळतात आणि लगेच बाहेर काढतात. पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे उतरते. घासून उजळ केलेल्या धारेवर आधी पिवळट रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्यालाच थांबवले तर धार फार कडक राहते आणि उसाच्या बुडाशी खडा लागताच तिचा टवका उडतो. निळ्यापलीकडे जाऊ दिले तर धार मऊ पडते, दर तासाला घासत बसावे लागते. मधल्या रंगावर अचूक थांबायचे असते, आणि त्यासाठी हातात असतात काही क्षण. धातुशास्त्राच्या पुस्तकात ही क्रिया तापमानाच्या अंशांसह दिलेली असते. घिसाड्याकडे अंश नाहीत; त्याच्या डोळ्यांत रंग आहेत.

मग मूठ. बाभळीची, तोंडाशी लोखंडी शेंबी बसवलेली, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, घामाने हात सटकू नये म्हणून. माझ्या आईचा कोयता वडिलांच्या कोयत्यापेक्षा हलका असे. विकत घेताना ती तो हातात धरून मनगट दोनदा हलवी आणि नाही पटला तर खाली ठेवी. घिसाडी चिडत नसे. गिऱ्हाइकाला कळते हे त्याला कळत असे.

ऊस तोडणे हे जोराचे काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी फडात एक दिवस काढावा. उसात साखर बुडख्याकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. म्हणून तोड जमिनीलगत हवी. चार बोटे वर तोडले तर सगळ्यात गोड भाग शेतात राहतो, शेतकऱ्याचे वजन जाते आणि कारखान्याचा उतारा घटतो. शिवाय त्याच बुडख्यातून पुढे खोडवा यायचा असतो. तोड उंच राहिली किंवा बूड चिरफाळले तर फुटवे कमजोर येतात. वाकून, एका हाताने ऊस धरून, दगडमातीला धार न लावता, एका घावात सपाट तोड घेणे, मग शेंड्याकडे नेमक्या कांडीवर वाढे उडवणे, पाचट सोलणे, मोळी अशी बांधणे की डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती सुटणार नाही. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस असा हातावेगळा करतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर घटते, म्हणून गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरावी लागते.

या सगळ्याला कागदोपत्री शब्द काय आहे? अकुशल. हा शब्द कोठून आला ते पाहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली गावेच्या गावे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला लागली. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, १९७९ पासून तो अंमलात आला. कायदा मोठाच होता, त्याने माणसे जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याने हमी दिली ती ‘अकुशल’ अंगमेहनतीच्या कामाची. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही तोच शब्द आहे. माझी आजी बहात्तर साली खडीवर होती. ती सांगे, ‘दगडाला शीर असती बाबा. शीर घावली की हातुडी हलकी मारली तरी फुटतो; न्हाई घावली की दिसभर बडव.’ कोणत्याही पाषाणाच्या अभ्यासकाने मान्य करावे असे हे वाक्य आहे. हजेरीपटावर ती बाई अकुशल होती.

सीनेपलीकडचा नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) आणि आमचा तालुका यांत तसे अंतर काहीच नाही. पण तिकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे आले, ऊस आला, आणि १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात; वर बालाघाटाची उघडी माळराने आणि पावसाची पाठ. एकीकडे पाणी, दुसरीकडे मोकळे हात. बहात्तरनंतर ही वाट कायमची रुळली. सहकाराच्या इतिहासाची जी पुस्तके मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो त्यांत भागभांडवल आहे, संस्थापकांची चरित्रे आहेत, गाळपाचे आकडे आहेत. कोयता कोठे आहे?

हे नवीन नाही. गावगाड्यातही असेच होते, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मोट. विहिरीचे पाणी काढणारी ती चामड्याची पिशवी. मेलेल्या जनावराचे कातडे महाराने सोलले. ढोराने चुना आणि तरवड-बाभळीची साल घालून ते कमावले. चांभाराने आरीने शिवले. मांगाने अंबाडी-केकताडाचा वाख वळून नाडा आणि सोंदूर केले. चाक सुताराचे, लोखंड लोहाराचे. ही मोट दिवसातून शंभर वेळा विहिरीत बुडे, थारोळ्यात ओतली जाई आणि त्या पाण्यावर अख्खा मळा पिके. वाटसरू थारोळ्याशी ओंजळ धरून पीत. कातडे विहिरीत उतरले तरी पाणी बाटत नव्हते. ते सोलणारा, कमावणारा, शिवणारा काठावर आला की बाटत होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा ज्यांची माथी भडकली, त्यांच्या मळ्यांतूनही मोटा चालूच होत्या. पुढे इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली. जाताना ती हा विनोद बरोबर घेऊन गेली, आणि आता ग्रामीण जीवनाच्या रम्य आठवणींत तिची तेवढी कुरकुर ऐकू येते.

येथे एक आक्षेप मला दिसतो आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. हत्यारांचे, पिढीजात कसबाचे कौतुक करणे हा आपल्या चळवळीचा मार्ग आहे काय? कसबाच्याच नावाने आपल्याला जखडले गेले. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. महाडच्या परिषदेपासून मृत मांस आणि हीन कामे सोडा असा त्यांचा आग्रह होता, आणि १९५६ नंतर आमच्या वस्त्यांनी तो अंमलात आणला. माझ्या पणजोबांनी कातडे सोलायची सुरी ओढ्याकाठी पुरून टाकली असे घरात सांगतात. त्यानंतर गावाने काय काय बंद केले तेही सांगतात. ती सुरी पुरणे हे माझ्या घराण्यातले सर्वांत शहाणपणाचे कृत्य होते असे मी मानतो, आणि ती उकरून काढून कोणी तिच्यावर ‘लोककला’ अशी चिठ्ठी लावावी हे मला मुळीच मंजूर नाही.

पण सुरी पुरणे वेगळे आणि सुरीमागची बुद्धी नव्हतीच असे मान्य करणे वेगळे. पहिले बंड होते, दुसरी शरणागती आहे. जातीने आपल्याला काम चिकटवले आणि त्याच वेळी त्या कामातले ज्ञान काढून घेतले : ज्ञान पोथीत, तुमच्याकडे फक्त हात. आजचा ‘अकुशल’ हा शब्द त्याच जुन्या वाक्याची सरकारी आवृत्ती आहे. आणि त्याचा थेट संबंध पैशाशी आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यासाठी संघटनांना झगडावे लागले, पण बोलणी झाली ती टनावर. जमिनीलगतच्या तोडीमुळे कारखान्याला जास्त साखर मिळते, त्यातला वाटा किती, हा प्रश्न त्या बोलण्यांत कोठे दिसला नाही. कारण वाटा कौशल्याला असतो, आणि कौशल्य तर नाहीच असे आधीच ठरलेले.

कोयत्याच्या हिशेबात बाईचे तर नावही येत नाही. उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर, काम दोघांचे. एकाचा खाडा झाला की कोयता अर्धा होतो, दंड बसतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्याची कारणे अनेक आहेत, दवाखान्यांची लूटही आहे. पण माणूस एकदा हत्यार म्हणून मोजला की त्याच्या शरीराकडेही दुरुस्तीच्या दृष्टीनेच पाहिले जाते, हे कारण मला सर्वांच्या मुळाशी वाटते.

आता तोडणीची यंत्रे आली आहेत. मोठ्या, सरळ सरींच्या फडात ती चालतात. वाऱ्याने लोळलेला ऊस आणि लहान, आडवेतिडवे तुकडे आले की पुन्हा कोयत्याला बोलावणे येते. यंत्राने हे काम संपवले तर मला दुःख होणार नाही. ज्यांनी ते केले त्यांची नोंद न होता ते संपले, तर होईल.

म्हणून गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक ऊसतोड करणाऱ्या घरांतले आहेत : बौद्ध, मांग, वंजारी, मराठा, धनगर. घरातल्या एका हत्याराची माहिती लिहून आणायची : भागांची नावे, कोणी घडवले, धार कशी लावतात, काय चुकले तर काय बिघडते. वह्या अपेक्षेपेक्षा जाड आल्या. एका मुलीने नुसत्या मोळीच्या गाठीवर, आकृत्या काढून, पाच पाने लिहिली. शेवटचा रकाना होता : ‘हे काम आईवडिलांना कोणी शिकवले?’ तिथे बहुतेक सगळ्यांनी दोनच शब्द लिहिले होते : ‘कोणी नाही.’

यंदा तो रकाना बदलून मी ‘कोणाचे पाहून शिकले?’ असा केला आहे. मुले अजून फडावरून परतायची आहेत.