निष्ठावान राज्यांतील गुलाम

मेरीलँडमधील अ‍ॅकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. हे गाव प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आहे. १८६० च्या जनगणनेच्या वेळी तंबाखू पिकविणाऱ्या या काउंटीतील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. तरीही यादवी युद्धात मेरीलँड लिंकन यांच्याच बाजूला राहिले.

स्वतंत्र उत्तर आणि गुलामधारक दक्षिण, असे सोपे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांनी संघराज्यही सोडले नाही आणि गुलामही सोडले नाहीत. तेथे घरेही दुभंगली. केंटकीचे ज्येष्ठ नेते जॉन क्रिटेंडन यांचा एक मुलगा संघराज्याचा सेनानी झाला, तर दुसरा बंडखोरांचा. भावाभावांच्या या ताटातुटीवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु मालकी हक्काचा प्रश्न आला की दोन्हीकडच्या मालकांचे बव्हंशी एकमत होई, हे आम्हांला अधिक बोलके वाटते.

भरपाई घ्या आणि गुलामांना मुक्त करा, अशी विनवणी लिंकन यांनी १८६२ मध्ये या राज्यांना केली. डेलावेअरमध्ये जेमतेम अठराशे गुलाम उरले होते. तेथेही योजनेला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये तसा कायदा झाला. त्यात प्रत्येक गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंतची भरपाई होती आणि ती मालकाला मिळायची. जन्मभर राबलेल्या माणसाला शंभर डॉलरपर्यंत देऊ केले होते, तेही तो देश सोडून जाणार असेल तरच!

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता. निष्ठावान राज्यांतील गुलाम त्यातून वगळले गेले. ही राज्ये हातची गेली असती तर युद्ध जिंकणे दुरापास्त होते, हे मान्य करावे लागते. पण त्या निष्ठेचे मोल मालकांनी चुकते केले नाही.

ते कोणी चुकते केले, हे केंटकीतील कॅम्प नेल्सनमध्ये दिसते. सैन्यात भरती होणारा गुलाम स्वतः मुक्त होई. त्याची बायकामुले मात्र मालकाचीच राहत. पुरुषांपाठोपाठ छावणीत आलेल्या सुमारे चारशे स्त्रिया व मुलांना नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत संघराज्याच्याच सैन्याने हुसकावून लावले आणि त्यांच्या झोपड्या पाडल्या. त्यांपैकी १०२ जण दगावले. यावर देशभर संताप उसळला आणि मार्च १८६५ मध्ये काँग्रेसने सैनिकांच्या कुटुंबांना मुक्त करणारा कायदा केला.

मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ पासून गुलामगिरी संपवली. त्यासाठीच्या नव्या राज्यघटनेला मतदानात अवघे ३७५ मतांचे आधिक्य मिळाले, तेही आघाडीवरील सैनिकांच्या मतांमुळे. मिसुरीने जानेवारी १८६५ मध्ये तोच मार्ग धरला. डेलावेअर आणि केंटकी डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत अडून बसली.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना; तेथील सरकारला किंवा राज्यांना नव्हे. त्या वर्षीही या दोन राज्यांनी दुरुस्तीला संमती दिलेली नव्हती. डेलावेअरने ती १९०१ मध्ये दिली, केंटकीने १९७६ मध्ये.