काडीखाराची मात्रा

जुन्या दवाखान्यांत उजेडापासून जपून, काळ्या बाटलीत ठेवलेली जी पांढुरकी कांडी किंचित ओली करून डॉक्टर चामखिळीवर किंवा जखमेत माजलेल्या मांसावर टेकवीत, तिला मराठीत काडीखार म्हणत. युरोपातील किमयागारांनी चांदीचे नाते चंद्राशी जोडून याच सिल्व्हर नायट्रेटला चंद्रावरून काव्यमय नाव दिले होते खरे, पण ज्याच्या बोटावर तिचा काळा डाग आठवडाभर राहिला असेल, त्याला आमचेच नाव अधिक प्रामाणिक वाटेल. जंतूंना मारणारी चांदी त्वचेच्या पेशींचीही गय करीत नाही, हे या कांडीने केव्हाच दाखवून दिले होते. तंटा उरला तो मात्रेचा.

लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे यांनी 1880 च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत या क्षाराच्या 2 टक्के द्रावणाचा थेंब घालण्याचा प्रघात पाडला, आणि दहातील एखाद्या मुलाला ग्रासणारा तो अंधत्वकारक नेत्रदाह शंभरात एकाच्याही खाली आला. तथापि त्या थेंबाने डोळे लाल होत, म्हणून पुढे 1 टक्काच रूढ झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रथिनांशी बांधलेली सौम्य चांदी बाजारात आली (तिच्यावर गबर झालेल्या अमेरिकेतील बार्न्स यांनी रेन्वार आणि सेझान यांची चित्रे खरेदी केली, हा त्या औषधाचा सर्वांत निरुपद्रवी परिणाम!), आणि दीर्घकाळ चांदी पोटात घेणाऱ्यांची कातडी निळसर करडी पडू लागली. छायाचित्राच्या काचेवर प्रकाशाने जे घडते तेच येथे त्वचेच्या आतल्या थरात घडते, आणि तो रंग पुढे जन्मभर जात नाही.

प्रतिजैविकांच्या अमदानीत मागे पडलेली चांदी भाजलेल्या रोग्यांसाठी परत आली. मोयर यांनी 1965 साली अर्धा टक्का द्रावणाच्या घड्या वापरल्या. त्याहून तीव्र द्रावण नव्याने उगवणाऱ्या त्वचेलाच जाळते, असा त्यांचा अनुभव होता. या द्रावणाने चादरी काळ्या होत आणि रोग्याच्या अंगातील क्षारही झिरपून जात, त्यामुळे 1968 साली फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीनचे पांढरे मलम पुढे आणले, तेव्हा रुग्णालयांनी त्याचे स्वागतच केले.

पुण्यात 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि 1992 पासून संस्थापक संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेत हाच जुना प्रश्न नव्या रूपाने तपासला गेला. मीटरचा अब्जांश म्हणजे नॅनोमीटर; अशा 7 ते 20 नॅनोमीटरच्या रौप्यकणांना मानवी त्वचेच्या कर्करोगापासून वाढविलेल्या पेशींच्या सान्निध्यात ठेवून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, मात्रा वाढली की पेशीतील गंधकयुक्त ग्लुटाथिओनचा साठा घटतो, अल्प मात्रेत पेशी शिस्तीने आपला कारभार आटोपते आणि अधिक मात्रेत ती एकाएकी फुटून जाते. काचेच्या बशीतल्या पेशी अर्थात उघड्या असतात. धडधाकट त्वचेवर मृत पेशींचा जो तट असतो तो फारच थोडे कण आत येऊ देतो, पण भाजलेल्या जागी तो तटच नाहीसा झालेला असतो. म्हणून पुढल्या वर्षी याच संस्थेच्या संशोधकांनी रौप्यकणांचे जे मलम सिद्ध केले, त्याचा विशेष असा की, उंदरांच्या त्वचेवर ते निर्धोक ठरले आणि सल्फाडायझीनच्या प्रचलित मलमाशी जंतुनाशात बरोबरी करताना त्यात चांदी मात्र तिसाव्या हिश्शाइतकीच होती.