हार्ड डिस्कचा कनेक्टर तुटला म्हणजे डेटा गेला का?

साफसफाई करताना कॉम्प्युटरचा कॅबिनेट उघडला, धूळ झटकली, एक केबल जरा जोरात ओढली गेली आणि 'कट्' असा बारीक आवाज आला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर हार्ड डिस्क सापडत नसल्याचा मेसेज. अनेक वर्षांचे फोटो, धंद्याचे हिशोब, मुलांचे प्रोजेक्ट सगळं त्याच डिस्कवर. अशा वेळी धस्स होणं साहजिक आहे.

आधी दिलासा. कनेक्टर तुटला म्हणून डेटा पुसला जात नाही. डेटा डिस्कच्या आत, चकत्यांवर किंवा चिपमध्ये, जिथल्या तिथे असतो. तुटलेली असते ती त्याच्यापर्यंत जाणारी वाट. मात्र त्यानंतर घाबरून केलेल्या खटाटोपात डेटा खरंच जाऊ शकतो. म्हणूनच काय करायचं आणि काय नाही, हे समजून घेऊ.

हा कनेक्टर नेमका असतो कसा?

घरगुती कॉम्प्युटरमधल्या बहुतेक हार्ड डिस्क आणि अडीच इंची एसएसडी 'साटा' पद्धतीने जोडलेल्या असतात. ही पद्धत २००३ च्या सुमारास बाजारात आली. त्याआधी आयडीईची रुंद, पट्टीसारखी केबल असायची. तिच्यात ४० पिनांची जागा असे आणि पिन वाकणं हा तिचा नेहमीचा आजार होता.

साटा डिस्कच्या मागे शेजारी शेजारी दोन कनेक्टर दिसतात. लहान असतो तो डेटाचा, त्यात ७ पिन. मोठा असतो तो वीजपुरवठ्याचा, त्यात १५ पिन. दोन्हींच्या मध्यभागी प्लास्टिकची एक पातळ जीभ पुढे आलेली असते आणि तिच्यावर सोनेरी पट्ट्या चिकटलेल्या दिसतात. जिभेचं एक टोक काटकोनात वळलेलं असतं, म्हणून तिचा आकार इंग्रजी 'एल' अक्षरासारखा दिसतो. केबल उलटी बसू नये, यासाठी ही सोय आहे.

इतका नाजूक का?

कारण साधं आहे. हा कनेक्टर रोज काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही. कॅबिनेटच्या आत एकदा जोडायचा आणि विसरून जायचा, असा त्यामागचा विचार होता. साटाच्या मानकानुसार आतल्या केबलचा कनेक्टर साधारण ५० वेळा काढ-घाल सहन करेल, एवढीच अपेक्षा असते. तुलना करायची तर मोबाईलच्या टाइप-सी कनेक्टरसाठी हा आकडा १०,००० आहे.

त्यात दोन पट्ट्यांमधलं अंतर फक्त १.२७ मिलिमीटर. सरळ रेषेत ओढलं तर जीभ टिकते, पण वर, खाली किंवा बाजूला ताण पडला की ती मुळापासून मोडते. सुरुवातीच्या केबलना अडकवणारी क्लिप नव्हती, त्यामुळे त्या आपोआप सैल व्हायच्या. नंतर धातूची क्लिप आली. सैल होण्याचा त्रास कमी झाला, पण नवा धोका आला. क्लिप न दाबता केबल ओढली, तर केबलसोबत जीभही निघून येते.

कॅबिनेटचं झाकण लावताना केबल दाबली जाणं, बांधकाम करताना केबल ताणून बांधणं, डिस्क आत बसवलेली असतानाच घर बदलणं, ही आणखी काही नेहमीची कारणं.

तुटलाय की नुसता सैल झालाय?

डिस्क दिसत नाही म्हणजे कनेक्टर तुटलाच, असं नाही. पुढच्या क्रमाने तपासा.

१. कॉम्प्युटर बंद करा आणि प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला एकदा हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

२. मोबाईलच्या टॉर्चने दोन्ही कनेक्टर नीट बघा. 'एल' आकार पूर्ण दिसतोय का? एखादी पिन वाकलीय का? केबलच्या तोंडात प्लास्टिकचा तुकडा अडकलाय का?

३. सगळं शाबूत असेल तर केबल काढून पुन्हा सरळ बसवा. तरीही डिस्क दिसली नाही तर दुसरी डेटा केबल लावा आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. नवी केबल शे-दोनशे रुपयांत मिळते, त्यामुळे पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.

४. कॉम्प्युटर सुरू करून कान द्या. फिरण्याची हलकी घरघर येत असेल तर वीज पोचते आहे, अडचण बहुधा डेटाच्या बाजूला आहे. पूर्ण शांतता असेल तर वीजपुरवठ्याकडे बघा. एसएसडीला फिरणारा भाग नसतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

५. टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. हा बिघाड डिस्कच्या आतला असू शकतो आणि प्रत्येक वेळी सुरू केल्याने तो वाढतो.

डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, कॉपी करताना अडखळते, असं होत असेल तर आणखी एक खूण आहे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कच्या प्रकृतीची यादी दिसते. त्यात अनेक डिस्कमध्ये १९९ क्रमांकाची नोंद सीआरसी त्रुटींची असते. म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमध्ये जाता-येता बिघडलेल्या संदेशांची संख्या. हा आकडा वाढत राहिला तर दोष बहुतेकदा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

कुठे तुटलंय, त्यावर उपाय ठरतो

केबलचं तोंड तुटलं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. केबल बदला.

मदरबोर्डवरचा पोर्ट तुटला असेल तर दुसरा पोर्ट वापरा. बहुतेक मदरबोर्डवर एकाहून जास्त साटा पोर्ट असतात. डिस्क आणि डेटा सुरक्षित आहेत.

डिस्कवरची जीभ तुटली असेल तर मात्र थांबा. इथे डेटाची बाजू आणि विजेची बाजू, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

डेटाची जीभ तुटली असेल तर

प्लास्टिक मोडलं तरी सातही धातूच्या पट्ट्या अनेकदा जागेवर उभ्या असतात. त्या वाकलेल्या, तुटलेल्या किंवा एकमेकींना टेकलेल्या नसतील, तर एकदा डेटा काढून घेण्यापुरती जोडणी शक्य असते.

तुटलेला तुकडा बहुधा केबलच्या तोंडातच अडकलेला असतो. तो तिथेच राहू द्या. त्या तुकड्याने जी जागा व्यापली आहे, तिच्या आणि केबलच्या संपर्कबिंदूंच्या मधून पट्ट्या आत सरकल्या पाहिजेत. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, केबल अगदी सरळ रेषेत, जोर न लावता आत न्या. अडली तर ढकलू नका, बाहेर काढून पुन्हा बघा. बसल्यावर केबल आणि डिस्क दोन्ही चिकटपट्टीने टेबलाला पक्की करा, म्हणजे केबलचा भार पट्ट्यांवर येणार नाही. हे सगळं वीज बंद असताना करायचं.

डिस्क दिसली तर आनंदात विंडोज सुरू करून काम करत बसू नका. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेली असेल तर उत्तम. आधी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा, मग बाकीचे. कॉपी चालू असताना डिस्क हलवू नका. ही दुरुस्ती नाही, एकदाच नदी ओलांडायला टाकलेली फळी आहे.

फेविक्विकचा मोह इथे टाळा. ते इतकं पातळ असतं की क्षणात पट्ट्यांवर पसरतं, वाळल्यावर वीज अडवतं आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याचं कामही अवघड करतं.

विजेची जीभ तुटली असेल तर प्रयोग नको

पंधरा पिनांच्या कनेक्टरमध्ये एका टोकाला ३.३ व्होल्ट, मध्ये ५ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट असतात. जीभ असते तेव्हा प्रत्येक पट्टी आपल्या जागी राहते. ती नसेल आणि प्लग किंचित सरकला किंवा दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या, तर १२ व्होल्ट नको तिथे पोचू शकतात. मग डिस्कचं सर्किट बोर्ड जळतं. तुटलेल्या प्लास्टिकचा प्रश्न जळलेल्या बोर्डाचा होऊन बसतो.

म्हणून ही बाजू तुटली असेल तर सोल्डरिंगमध्ये हात बसलेल्या माणसाकडेच जा. तो बोर्डवर नवा कनेक्टर बसवू शकतो किंवा ठरावीक बिंदूंवर तारा जोडून देऊ शकतो.

याच संदर्भात आणखी दोन धोके माहीत हवेत. सुट्या केबलच्या पॉवर सप्लायमध्ये एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नका. सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी वेगवेगळी असते. केबल बसते, पण चुकीचे व्होल्ट जाऊन डिस्क जळते. दुसरं म्हणजे जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून साटा वीज घेणारे स्वस्त अडॅप्टर. त्यातल्या ज्यांचं साटाचं टोक एकसंध ओतीव प्लास्टिकचं असतं, त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावला तर?

इंटरनेटवर हा सल्ला हमखास मिळतो. त्याच मॉडेलची जुनी डिस्क घ्या, तिचा बोर्ड काढा, आपल्या डिस्कला लावा. जुन्या काळात हे जमायचं. आताच्या बहुतेक डिस्कमध्ये बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कसाठी कारखान्यात ठरवलेली माहिती असते. ती चिपही काढून नव्या बोर्डवर बसवावी लागते. हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

आणि काहीही झालं तरी डिस्कचं वरचं झाकण उघडायचं नाही. फिरत्या चकतीपासून वाचणारं हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. धुळीचा एक कण म्हणजे त्याच्यासाठी डोंगर. कनेक्टर बाहेर असतो, तो दुरुस्त करायला डिस्कच्या आत जावंच लागत नाही.

पोर्टेबल हार्ड डिस्कचं गणित वेगळं

खिशात मावणाऱ्या डिस्कचा यूएसबी कनेक्टर हलला, तर अनेक जण डबी उघडून आतली डिस्क साटा केबलला लावायचा विचार करतात. काही डिस्कमध्ये ते जमतं. पण काहींमध्ये यूएसबी कनेक्टर थेट डिस्कच्या बोर्डवरच जोडलेला असतो, आत साटा नसतोच. काहींमध्ये डेटा त्या बोर्डवरूनच सांकेतिक रूपात साठवला जातो, त्यामुळे बोर्ड बाजूला केला तर फायली वाचता येत नाहीत. अशा डिस्कसाठी तुटलेला यूएसबी कनेक्टर बदलून घेणं हाच सरळ मार्ग.

दुकानात काय सांगायचं?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या तालुक्याचं कॉम्प्युटर दुकान, सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: 'डिस्क वाचली नाही तरी चालेल, डेटा हवाय.' फॉरमॅट करायचं नाही, हे कागदावर लिहून घ्या. विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारेल तेव्हा उत्तर 'नाही' असंच हवं. तुटलेला प्लास्टिकचा तुकडा आणि केबल सोबत न्या. वॉरंटी असेल तर लक्षात ठेवा, ती साधारणपणे डिस्क बदलून देण्याची असते, डेटा परत देण्याची नव्हे. त्यातही माराने तुटलेला भाग बहुधा वॉरंटीत बसत नाही.

पुढे असं होऊ नये म्हणून

केबल काढताना तार नाही, प्लग धरा. क्लिप पूर्ण दाबा आणि सरळ ओढा. झाकणाजवळ जागा कमी असेल तर काटकोनी तोंडाची केबल वापरा. वारंवार डिस्क जोडायची असेल तर डॉक घ्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या केबलशी रोज झटापट होणार नाही.

आणि ज्या फायली गेल्या तर रडू येईल, त्यांची दुसरी प्रत आजच करून वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. दुसरी प्रत असेल तर तुटलेला कनेक्टर हा फक्त खर्चाचा विषय उरतो.