उसन्या छपरांखालचा सिनेमा

चित्रपट महोत्सवांविषयी मराठीत जे लेखन होते त्यात चित्रपट असतात, दिग्दर्शक असतात, क्वचित रांगेतल्या धक्काबुक्कीचे वर्णनही असते. पण ज्या छपराखाली तो चित्रपट दाखवला गेला त्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक आमच्यापैकी बहुतेकांची सिनेमाची दीक्षा फिल्म सोसायट्यांच्या खेळांत झाली. कुणाचे तरी उसने घेतलेले सभागृह, पाठीमागे घरघरणारा प्रोजेक्टर, रीळ बदलण्यासाठी मध्येच लागणारे दिवे, आणि खेळ संपायच्या आधीच रखवालदाराच्या हातात वाजू लागणारा किल्ल्यांचा जुडगा. बर्गमन आठवला की त्याच्याबरोबर ती लोखंडी खुर्चीही आठवते. त्यामुळे असेल, पण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या टेल्युराइड या डोंगरी गावाच्या महोत्सवाचा इतिहास वाचताना आमचे लक्ष चित्रपटांच्या याद्यांवरून वारंवार त्याच्या जागांकडे वळत राहिले. पन्नासाहून अधिक वर्षांच्या या महोत्सवाच्या बहुतेक जागा मुळात दुसऱ्याच कुणासाठी, दुसऱ्याच कामासाठी उभ्या राहिलेल्या आहेत.

सान हुआन पर्वतरांगांत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर, तीन बाजूंनी कड्यांनी बंद झालेल्या एका दरीच्या तळाशी हे गाव वसले आहे. दरीच्या टोकाला शंभराहून अधिक मीटर उंचीचा धबधबा. ही भूमी युट लोकांची. चांदीसोन्याच्या शोधात गोरे लोक आले आणि त्यांनी १८७८ साली येथे गाव वसवले, त्याचे नाव कोलंबिया ठेवले. कॅलिफोर्नियात त्याच नावाचे दुसरे गाव असल्याने टपालाचा घोळ होई, म्हणून पुढे टेल्युराइड हे नाव आले. टेल्युरियम या मूलद्रव्याच्या संयुगांत सोने सापडते, त्यावरून हे नाव. गंमत अशी की ती संयुगे या परिसरात जवळजवळ नाहीतच. १८९० साली रेल्वे आली. १८९१ साली जवळच्या एम्स येथील जलविद्युत केंद्रातून गोल्ड किंग खाणीला प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह पुरवण्यात आला. उद्योगासाठी असा प्रवाह तारांवरून दूर नेण्याचा हा जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये आपला पहिला जाहीर खेळ केला तो त्यानंतर चार वर्षांनी. चित्रपट जिच्यावर जगणार होता ती वीज या आडबाजूच्या दरीत इतकी आधी येऊन पोहोचली होती, आणि ती आली खडक फोडण्याच्या सोयीसाठी.

त्या खाणींचा इतिहास रक्तरंजित आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १९०३ साली कामगारांनी संप पुकारला. खाणमालकांच्या बाजूने राज्याचे सैन्य उतरले, १९०४ च्या जानेवारीत लष्करी कायदा लागू झाला. बल्कली वेल्स हा गृहस्थ एकाच वेळी स्मगलर-युनियन खाणीचा व्यवस्थापक आणि राज्याच्या सैन्यातला अधिकारी होता; मालक आणि दंडसत्ता यांतला पडदाही त्याने शिल्लक ठेवला नाही. संघटनेच्या माणसांना घरांतून बाहेर काढून आगगाडीत बसवले गेले आणि तालुक्याबाहेर नेऊन सोडले गेले. ती डोंगर ओलांडून परत येऊ नयेत म्हणून इमोजीन खिंडीत, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, दगडी चौकी बांधली गेली. गव्हर्नर पीबडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चौकीचे अवशेष आजही तेथे आहेत.

या संपानंतर दशकही उलटले नव्हते तेव्हा, १९१३ साली, गावात ऑपेरा हाऊस उभे राहिले. जे. ए. सेगरबर्ग यांनी ते बांधले आणि आरंभी ते त्यांच्याच नावाने ओळखले जाई. पश्चिमेकडच्या खाणगावांत 'ऑपेरा हाऊस' हे नाव प्रतिष्ठेसाठी दिलेले असे, तेथे ऑपेरा होत असे असे मानण्याचे कारण नाही. येथे व्हॉडव्हिल म्हणजे नाचगाण्याचे, नकलांचे खेळ होत, आणि मूकपटही दाखवले जात. साधारण दोनशे चाळीस माणसांची सोय, लाकडी सज्जा, आणि रंगमंचावर व्हेनिसचे दृश्य रंगवलेला गुंडाळता येणारा पडदा. बर्फाने कोंडलेल्या दरीत बसून खाणकामगारांनी व्हेनिसचे कालवे पाहावेत, ही कल्पना ज्याला सुचली त्याला करमणुकीचे मर्म कळले होते. शेजारच्या न्यू शेरिडन हॉटेलवरून पुढे ही इमारत शेरिडन ऑपेरा हाऊस झाली.

मग खाणी मंदावल्या आणि गाव रिते होत गेले. एके काळी पाच हजारांच्या घरात असलेली वस्ती १९७० च्या जनगणनेत साडेपाचशेवर आली. आकाराने ते खेडेच होते. १९६१ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, १९७२ मध्ये डोंगरउतारावर स्कीइंगचा व्यवसाय सुरू झाला. शेवटची मोठी खाण, इडाराडो, १९७८ साली बंद पडली. चित्रपट महोत्सव सुरू झाला तो या दोहोंच्या मधल्या फटीत, १९७४ साली. म्हणजे पहिल्या काही महोत्सवांच्या वेळी गावात खाणकामगार होते. महोत्सवाच्या कौतुकपर लेखनात हे सहसा येत नाही. ओसाड गावात कलावंत आले आणि त्यांनी ते जिवंत केले, अशी सोयीची कथा सांगितली जाते.

बिल आणि स्टेला पेन्स, टॉम लडी आणि जेम्स कार्ड हे संस्थापक. पेन्स चित्रपट वितरणाच्या व्यवसायातले, आणि कोलोरॅडोच्या डोंगरी गावांतली चित्रपटगृहे ते चालवीत. लडी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे, अफाट ओळखीपाळखी असलेले. कार्ड हे रॉचेस्टरच्या ईस्टमन हाऊस या संग्रहालयाचे चित्रपट-संग्राहक. अशा माणसांना जुने ऑपेरा हाऊस मिळाले, तेव्हा स्पर्धा, पारितोषिके, परीक्षक यांवाचून नुसते चित्रपट पाहायचे असा बेत ठरला. कोणते चित्रपट दाखवणार हे महोत्सवाच्या तोंडावर येईपर्यंत जाहीर करायचे नाही, ही प्रथा पडली ती आजतागायत आहे. पहिल्या वर्षी ग्लोरिया स्वॉन्सन, फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि लेनी रीफेनश्टाल यांचा गौरव झाला. हिटलरच्या पक्षमेळाव्याचा देखणा चित्रपट करणाऱ्या बाईंना सन्मानाने बोलावल्याबद्दल निषेध झाला, आणि आमच्या मते तो योग्यच होता. चित्रपट दाखवून वाद घालता आला असता. गौरवपदक ही वेगळी गोष्ट आहे. एवढे मात्र खरे, की दोनशे चाळीस खुर्च्यांच्या घरात पाहुण्याला प्रेक्षकांपासून फार लांब बसता येत नाही.

या महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत मोठा खेळ मात्र ऑपेरा हाऊसमध्ये मावणारा नव्हता. आबेल गान्स यांचा १९२७ चा 'नेपोलियन' केव्हिन ब्राउनलो यांनी वर्षानुवर्षे तुकडे गोळा करून पुन्हा जुळवत आणला होता. त्याच्या अखेरच्या भागात तीन पडद्यांवर एकाच वेळी तीन प्रोजेक्टर चालवावे लागतात. एवढी रुंद भिंत गावात कुठून आणणार? तेव्हा १९७९ साली न्यायालयाच्या इमारतीजवळच्या एल्क्स पार्क या लहानशा मोकळ्या जागेत, उघड्यावर, पडदे बांधले गेले. अंधार पडल्यावर सुरू झालेला तो प्रदीर्घ चित्रपट उत्तररात्रीपर्यंत चालला. पर्वतातली थंडी, पांघरुणे लपेटून बसलेली माणसे. आणि शेजारच्या हॉटेलातल्या आपल्या खोलीच्या खिडकीतून एकोणनव्वद वर्षांचे गान्स आपला चित्रपट पाहत उभे. ज्या चित्रपटाची धड प्रत कुणाकडे राहिली नव्हती, जो वितरकांनी कापून, छाटून, तीन पडद्यांऐवजी एकावर दाखवून निकालात काढला होता, तो बावन्न वर्षांनी एका खाणगावाच्या चौकात, आकाशाखाली, आपल्या रुंदीसकट उभा राहिला. पुढे १९८१ च्या जानेवारीत कपोला यांनी तो न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये वाद्यवृंदासह दाखवला आणि त्याचा बोलबाला झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गान्स वारले. एल्क्स पार्कमधल्या खुल्या चित्रपटगृहाला आता त्यांचे नाव आहे. तेथले खेळ विनामूल्य असतात.

दुसरी जागा याच्या अगदी उलट, इतकी लहान की तिला जागा म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. १९८३ साली आन्द्रेई तारकोव्हस्की टेल्युराइडला आले होते. कोलोरॅडोतच राहणारे आणि या महोत्सवाशी जवळीक असलेले प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांना आपले चित्रपट त्यांना दाखवायचे होते. ते दाखवले गेले हॉटेलच्या खोलीत, भिंतीवर, लहानशा चौकोनात. पोलिश दिग्दर्शक क्शिश्तोफ झानुसी मध्ये दुभाष्याचे काम करीत होते. तारकोव्हस्कींना ते मुळीच आवडले नाहीत आणि खेळ चालू असतानाच त्यांनी आपली नापसंती बोलून दाखवली. ब्रॅकेज यांनी स्वतःच हा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. दोघेही चित्रपटाला कविता मानणारे, आणि दोघांची कविता एकमेकांना परकी. मोठ्या महोत्सवाच्या वेळापत्रकात असा खेळ बसला नसता. पाहणारा आणि करणारा एकाच पलंगाच्या काठावर बसलेले असताना मात्र नाकारही तोंडावर ऐकावा लागतो.

प्रेक्षक वाढले तशी महोत्सवाने एकेक छप्पर मागून घेतले. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या बँकेच्या इमारतीत नगेट हे गावाचे नेहमीचे चित्रपटगृह होतेच. फ्रीमेसन मंडळींचे गुप्त विधींचे दालन अनेक वर्षे वापरले गेले. शाळेच्या व्यायामशाळेत गॅलक्सी नावाचे चित्रपटगृह उभे राहू लागले, बास्केटबॉलच्या कड्यांखाली. सार्वजनिक वाचनालयातल्या छोट्या खोलीत चित्रपटांविषयीचे माहितीपट दाखवले जातात. २००५ मध्ये शाळेला जोडून पाम थिएटर बांधले गेले, ते मात्र मुळातच रंगगृह म्हणून. आणि २०१३ साली, चाळिसाव्या महोत्सवात, गावच्या उद्यानातल्या बर्फावर घसरण्याच्या मंडपात साडेसहाशे खुर्च्यांचे वेर्नर हेर्झोग थिएटर सुरू झाले. हेर्झोग हे या महोत्सवाचे जुने सोबती; ज्या दिग्दर्शकाने 'फिट्झकराल्डो'साठी डोंगरावरून जहाज ओढून नेले त्याच्या नावाचे चित्रपटगृह दरवर्षी डोंगरात नव्याने उभारावे लागते, हे तसे उचितच. पडदे, ध्वनिवर्धक, प्रोजेक्टर ट्रकांतून घाटावर चढवायचे, खिडक्या काळ्या कापडाने बंद करायच्या, लाकडी फरशीवर आवाज घुमू नये म्हणून भिंती झाकायच्या. चार दिवसांच्या खेळासाठी कित्येक आठवड्यांचे हे काम. आमच्याकडच्या जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांना ते नवे वाटले नसते. फरक इतकाच, की त्यांचा प्रेक्षक शेतावरून चालत येई.

हा फरक मात्र साधा नाही. दरीच्या वर, स्कीइंगच्या उतारावर, माउंटन व्हिलेज नावाचे वेगळे गाव १९९५ साली अस्तित्वात आले, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही गावांना जोडणारा फुकट आकाशपाळणा सुरू झाला. तेथल्या सभागृहात भरणारे चित्रपटगृह चक जोन्स यांच्या नावाचे आहे. रोडरनर आणि त्याच्या मागे धावणाऱ्या कायोटीची व्यंगचित्रे केली तेच हे. कड्यावरून पुनःपुन्हा कोसळणाऱ्या कायोटीच्या जनकाच्या नावाच्या घरी तारेला लटकत जायचे, हा विनोद संयोजकांना निश्चितच कळलेला आहे, कारण या घरात प्रामुख्याने चालणाऱ्या तुलनेने स्वस्त पासाला त्यांनी कायोटीला सामान पुरवणाऱ्या 'अ‍ॅक्मे' कंपनीचे नाव दिले. तुलनेने स्वस्त म्हणजे तरीही शेकडो डॉलर. आश्रयदात्यांचा पास हजारोंच्या घरात जातो. गावातली घरे आता धनिकांच्या हाती आहेत. हॉटेलांत, दुकानांत, उतारांवर काम करणारे कित्येक जण जवळजवळ शंभर किलोमीटरवरच्या मॉन्ट्रोजसारख्या ठिकाणांहून रोज ये-जा करतात. १९०४ मध्ये कामगारांना गावाबाहेर ठेवण्यासाठी खिंडीत बंदूकधारी बसवावे लागले होते. आज ते काम घरभाडे करते, आणि त्याचा दोष एकट्या महोत्सवाला देता येणार नाही. पण गावाला जे नाव मिळाले, त्या नावाला जी किंमत आली, त्यात महोत्सवाचा वाटा आहे हेही नाकारता येणार नाही. १९९१ साली विकासकांच्या तावडीतून ऑपेरा हाऊस वाचवण्यासाठी गावकऱ्यांना न्यास स्थापन करावा लागला. इमारत वाचली. ज्यांच्या करमणुकीसाठी ती बांधली होती त्या वर्गाच्या घरांसाठी मात्र इतक्या तातडीने न्यास निघाले नाहीत.

२०२० साली साथीमुळे महोत्सव रद्द झाला आणि उसनी छपरे आपापल्या मूळ धन्यांकडे राहिली. २०२२ च्या डिसेंबरात बिल पेन्स आणि दोनच महिन्यांनी टॉम लडी वारले. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' टेल्युराइडला दाखवला गेला. मुंबईत परगावाहून येऊन राबणाऱ्या परिचारिका, आणि चाळीतल्या घराचे कागद हाती नसल्याने बिल्डरकडून हुसकावली जाणारी, अखेर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतणारी पार्वती यांची ती गोष्ट. तो पाहून बाहेर पडलेल्यांपैकी कितींनी शेवटची बस गाठण्याची घाई करणाऱ्या सफाई कामगारांकडे पाहिले असेल, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे अमेरिकेच्या कामगार दिनी, महोत्सव संपतो. मग गॅलक्सीचे काळे कापड उतरते, मुलांचा चेंडू पुन्हा फरशीवर आपटू लागतो. हेर्झोग थिएटरच्या खुर्च्या आणि पडदा निघतो आणि थंडी पडली की त्या मंडपात पाणी सोडून बर्फ गोठवतात. मग तेथे हॉकी सुरू होते.