तैलरंगातला स्वतःचा चेहरा

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हाती आरसा घेतलेली राजस्त्री आहे. म्हणजे आरसा होता, मुद्रेवरचा भाव टिपणारा हातही होता. तरी ती रंगवणाऱ्यांपैकी कुणाचं आत्मचित्र म्हणून ओळखता येईल असा चेहरा त्या भिंतींवर नाही. चित्रकारानं स्वतःलाच विषय करण्याची प्रथा फोफावली ती युरोपात, प्रबोधनकाळात. आणि तिला बळ दिलं तेलानं.

अजिंठ्याचा रंग सरसात कालवलेला. सुक्या गिलाव्यावर तो पटकन वाळतो. जवसाच्या तेलात घोटलेला रंग मात्र कित्येक दिवस ओला राहतो. गालावरची सावली उजेडात सावकाश मिसळता येते, आरशात पुन्हा पाहून ओठांची कड बदलता येते. यान व्हॅन आइकनं १४३३ मध्ये रंगवलेला लाल पागोट्यातला माणूस बहुधा तो स्वतःच. ड्यूररनं १५०० मध्ये स्वतःला थेट समोरून, येशूच्या प्रतिमेसारखं रंगवलं. पार्मिजानिनोनं १५२४ च्या सुमारास फुगीर आरशातलं आपलं रूप, पुढे आलेल्या अवाढव्य हातासकट, फुगीर फळीवरच उतरवलं. तेव्हा तो जेमतेम विशीत होता!

तैलरंगाचं तंत्र व्हॅन आइकनं शोधलं, असं इटालियन कलाचरित्रकार वसारीनं लिहून ठेवलं आणि लोकांनी ते दीर्घकाळ मानलं. पण अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतल्या, सातव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रांत वाळणारं तेल सापडलं. अक्रोडाचं किंवा खसखशीचं असावं. २००८ मध्ये हे जाहीर झालं. तैलरंगाचे इतके जुने धागे अजिंठ्याच्याच धर्मपरंपरेतल्या लेण्यांत निघावेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

अजिंठ्यात मात्र तैलरंग आला तो इंग्रजांबरोबर. मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची १८४४ मध्ये नेमणूक झाली आणि लेण्यांतली चित्रं त्यानं वर्षानुवर्षं कॅनव्हासवर उतरवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या कलाशाळेतली मुलं आणून पुन्हा नकला करवल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण त्या मुलांतला पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजला. तैलरंगात माणूस रंगवणाऱ्या मुंबईच्या पहिल्या पिढीनं हात बसवला तो अजिंठ्यात.

मूळ भिंतींनी त्याची किंमत मोजली. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून नकलाकारांनी त्यांवर व्हार्निश फासलं. १९२० मध्ये हैदराबादच्या निजामानं इटलीहून बोलावलेल्या चेकोनी आणि ऑर्सिनी यांनी चित्रं जपण्यासाठी चपड्याचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो बोटाएवढ्या तुकड्या-तुकड्यानं उतरवावा लागला.