गोळीवरचं आवरण आणि कॅमेऱ्याची फिल्म

पित्तासाठी दिल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलच्या गोळ्या चावायच्या नसतात, फोडायच्याही नसतात. त्यांचं वरचं पातळ आवरण जठरातल्या आम्लाला दाद देत नाही. आतड्यात आम्लता उतरली की विरघळतं आणि मग औषध सुटतं. या आवरणाची वंशावळ हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांच्यापासून मांडतात. १८८४ साली त्यांनी गोळ्यांना केराटिनचा लेप दिला. मग सॅलॉल आलं, लाख आली.

मला मात्र १९४० च्या एका अमेरिकी पेटंटने धरून ठेवलं आहे. आवरण सेल्युलोज ॲसिटेट थॅलेटचं, संशोधक गॉर्डन हायाट आणि पेटंटची मालक ईस्टमन कोडॅक! फिल्मवाल्यांचं गोळीशी काय नातं?

नातं फिल्मच्या पाठीशी आहे. आरपार गेलेला प्रकाश उलटून चित्र धूसर करू नये म्हणून काही फिल्मच्या पाठीवर काजळीचा थर देतात. तो कॅमेऱ्यात घट्ट राहावा, पण धुताना अल्कलीच्या द्रावणात सुटावा लागतो. अशा थराला हेच थॅलेट चालतं. त्यातले आम्लगट आम्लात प्रोटॉन धरून असतात. अल्कलीत तो सुटतो, साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि आवरण विरघळतं. फिल्म धुण्याचं भांडं आणि आतडं, दोन्हीकडे रसायन एकच.

उन्नांचा पक्ष घेणाऱ्यांना माझं म्हणणं असं, की त्यांनी प्रश्न दिला, पदार्थ नाही. केराटिनची भिस्त जठरातल्या पेप्सिनला ते पचत नाही यावर होती. मोजून बसवलेल्या आम्लगटांवर नव्हे. लाखेचा दावा जड आहे. तिच्यातही आम्लगट आहेत, तीही अल्कलीत विरघळते. पण ती किड्यांची देणगी: दर खेपेला गुण वेगळा, आणि जुनी झाली की इतकी कडक होते की गोळी न विरघळताच बाहेर पडावी. हवे तितके आम्लगट मोजून बसवण्याची कला सेल्युलोजवर हात बसलेल्या कारखान्याकडेच असणार. म्हणून माझ्या मते आजच्या आवरणाचं माहेर दवाखाना नव्हे, कोडॅकचं रॉचेस्टर.

पुढची पिढीही हेच सांगते. १९५० च्या दशकात आलेलं युड्राजिट हे आवरण, ज्याच्या प्रकारांत विरघळण्याचा पीएच ५.५, ६ किंवा ७ असा निवडता येतो, ते मुळात डार्मश्टाटच्या ऱ्योम कंपनीचं. प्लेक्सिग्लास हे काचेसारखं प्लॅस्टिकही तिचंच.