अग्निगोल : सिंदेवाही, २ एप्रिल २०२२

गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पावणेआठ ते आठच्या सुमारास, महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशाच्या आकाशातून गेलेला प्रकाशगोलांचा पट्टा. त्याचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात पडले.

पाहणाऱ्यांच्या वर्णनांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: एकामागे एक सरकणारे अनेक गोळे, लांब शेपट्या आणि संथ चाल. उल्कापात झाल्याचा समज आधी पसरला. पण याच संथ चालीने त्याला छेद दिला. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. कक्षेतून ढासळणारे यंत्र सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे येते आणि तुटत तुटत जळते. ‘हळू जात होते’ हे खेड्यातल्या माणसाचे साधे वाक्य म्हणूनच मोलाचा पुरावा ठरते.

लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, पवनपार येथे धातूचा गोळा सापडला. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटवर काहींनी संशय घेतला होता. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३ बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचे सांगितले, आणि हेच मत अधिक ग्राह्य दिसते. त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच आहे.

तुलनेसाठी खऱ्या उल्कापाताचे उदाहरण, काटोल (जि. नागपूर): २२ मे २०१२, भर दुपार, गडगडाट आणि खरे दगड, एल-६ या दगडी वर्गाचा अशनी (जमिनीवर पोहोचलेली उल्का).

अवकाशातून पडलेल्या अशा वस्तूंमुळे झालेल्या नुकसानाची भरपाई: १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार पाहावा.

साक्षीदाराची हमखास चूक अंतराची. ‘टेकडीमागे पडला’ असे वाटणारा गोल शेकडो किलोमीटर दूर असू शकतो. त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा घड्याळातली वेळ, उभे असल्याची जागा, घर किंवा झाडाच्या खुणेने दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि किती सेकंद दिसला, एवढे लगेच लिहून ठेवावे. पडलेल्या वस्तूला हात लावू नये. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवावे.